द्रावणातील अर्धवाहक आणि तालुक्याची प्रयोगशाळा

अर्धवाहक म्हणजे सिलिकॉन, आणि सिलिकॉन म्हणजे हजारो कोटींचे धूळविरहित कारखाने, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. 2021 साली केंद्र सरकारने या क्षेत्रासाठी मंजूर केलेल्या 76 हजार कोटी रुपयांच्या योजनेने ती दृढच केली. साहजिकच निफाड तालुक्यातील सायखेड्यासारख्या गोदाकाठच्या गावातून पदार्थविज्ञान शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला हे शास्त्र आपल्यासाठी नव्हे, असे वाटते. ही समजूत आता तपासून पाहिली पाहिजे.

काही स्फटिक निसर्गतःच थराथरांचे बनलेले असतात. वंगणात वापरली जाणारी मॉलिब्डेनम डायसल्फाइडची काळी भुकटी हे त्याचे उत्तम उदाहरण होय. थरातील अणू परस्परांशी घट्ट बांधलेले असतात, परंतु दोन थरांमधील बंध दुबळा असतो. कांदा पिकवणाऱ्या मुलखाला पापुद्रा ही कल्पना निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. एका नॅनोमीटरहूनही पातळ असा हा एकच पापुद्रा ट्रान्झिस्टर म्हणून काम देतो, हे 2011 साली लोझानच्या शास्त्रज्ञांनी दाखविले.

त्याच वर्षी डब्लिनच्या जोनाथन कोलमन व सहकाऱ्यांनी अशी भुकटी योग्य द्रावकात टाकून, श्राव्यातीत ध्वनीच्या कंपनांनी तिचे पापुद्रे सुटे केले. पुराच्या गढूळ पाण्यातील वाळू आधी तळाशी बसते आणि बारीक गाळ तरंगत राहतो. त्याचप्रमाणे जाड कण खाली जातात व पातळ पापुद्रे द्रवात उरतात. हा द्रव शाईसारखा काचेवर वा प्लॅस्टिकवर पसरता येतो.

अडचणी अर्थातच आहेत. पापुद्र्यांची जाडी सारखी नसते, आणि एकावरून दुसऱ्यावर जाताना विद्युत्प्रवाह अडखळतो. लिथियम घुसवून थर सोडवावेत, तर पदार्थाचे अर्धवाहकत्वच बिघडते. 2018 साली लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी लिथियमऐवजी मोठ्या आकाराचे सेंद्रिय आयन विजेच्या साहाय्याने थरांत शिरवून हा दोष बराचसा टाळला. तरीही गतीच्या बाबतीत सिलिकॉनशी बरोबरी झालेली नाही. शिवाय काही द्रावक आरोग्याला अपायकारक आहेत. तेव्हा हा खेळ निष्काळजीपणे करण्याचा नव्हे.

अशा कामाची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. सी. डी. लोखंडे व सहकाऱ्यांनी काच द्रावणात बुडवून तिच्यावर धातूंच्या सल्फाइडांचे पातळ थर चढविण्याच्या साध्या, अल्पखर्ची पद्धतींचा अनेक वर्षे अभ्यास केला. ते थर एका पापुद्र्याचे नव्हते; परंतु चंचुपात्रातूनही अर्धवाहक घडतो, हा धडा त्यांनी दिला.

सायखेड्याच्या परिसरात चिपचा कारखाना उभा राहावा, असे कोणी म्हणणार नाही. मात्र द्रावण तयार करणे तालुक्याच्या महाविद्यालयालाही शक्य आहे. अशक्य आहे ते थराची जाडी व गुण मोजणारी महागडी उपकरणे विकत घेणे. ती विद्यापीठांत सामायिक असावीत आणि ग्रामीण विद्यार्थ्याला नाममात्र शुल्कात, ठरलेल्या दिवशी, हक्काने वापरता यावीत. कारखान्यांवर कोट्यवधींचा खर्च होत असताना एवढी व्यवस्था जड जाऊ नये. कारखाने परदेशी यंत्रांवरही उभे राहतील. त्यांतील शास्त्र जाणणारी माणसे मात्र येथेच घडवावी लागतील.