टिपाडातला बुळबुळीत थर: बायोफिल्म जनुकांवरून कशी ओळखायची?

आजचा विषय अगदी घरातला आहे.

2016 चा उन्हाळा आठवतोय? मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. 12 एप्रिलला पहिली गाडी आली, 10 वॅगन, साधारण 5 लाख लिटर पाणी. तेव्हा घराघरांत टिपाडं, हंडे, टाक्या भरून ठेवलेल्या. टिपाड रिकामं झालं की आतून हात फिरवायचा, बुळबुळीत लागायचं. आम्ही म्हणायचो, शेवाळ धरलंय. पण त्यात हिरवं असं काहीच नसायचं!

ती बहुतेक वेळा बायोफिल्म असते. जिवाणू भिंतीला चिकटतात आणि आपल्याभोवती साखरेच्या लांब साखळ्या, प्रथिनं आणि डीएनए यांचा चिकट थर तयार करतात. पाण्यात क्लोरीन टाकलं, की ते वरच्या थरातच खर्ची पडतं. त्यामुळे पाण्यात तरंगताना जो जिवाणू सहज मरतो, तोच या थराच्या आत तग धरतो.

मग या थरात नेमकं काय चाललंय, हे कसं कळणार? जुनी पद्धत अशी: प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायचे, प्लास्टिकच्या छोट्या खळग्यांत ठेवायचे, क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग घालायचा आणि धुवायचं. जितका रंग उरेल तितकी बायोफिल्म जास्त. पद्धत स्वस्त आहे, चांगली आहे. पण निसर्गातले बरेचसे जिवाणू प्रयोगशाळेत वाढतच नाहीत. म्हणून रेणवीय मार्कर, म्हणजे जनुकांमधल्या खुणा. त्यांना तीन प्रश्न विचारायचे.

पहिला: कोण आहे? त्यासाठी 16एस आरआरएनए हे जनुक. सगळ्या जिवाणूंत असतं, लांबी साधारण 1500 अक्षरं. काही भाग सगळ्यांत जवळपास सारखा, काही वेगळा. त्या वेगळ्या भागावरून जिवाणूचं कूळ कळतं.

दुसरा: थर बनवायची ताकद आहे का? स्टॅफिलोकोकसमध्ये आयसीए-ए आणि आयसीए-डी, स्युडोमोनास एरुजिनोसामध्ये पीईएल-ए आणि पीएसएल-ए ही जनुकं पीसीआरनं शोधतात. ती चिकट साखळ्या बनवण्याच्या कामातली. पण इथं घाई करू नका. जनुक असलं म्हणजे ते चालू असेलच असं नाही. आणि काही स्टॅफिलोकोकस आयसीए नसतानाही प्रथिनांच्या जोरावर थर बांधतात.

तिसरा: आत्ता काम चालू आहे का? घरात शिलाई मशीन असणं वेगळं आणि ते चालू असणं वेगळं. जनुक चालू असलं की त्याची आरएनए प्रत निघते. ती मोजली की उत्तर मिळतं.

अडचण अशी, की आरएनए फार लवकर तुटतो. लातूरच्या टाकीतला नमुना मे महिन्याच्या उन्हात एसटीनं नांदेडच्या विद्यापीठात नेला, तर पोचेपर्यंत आकडे बदललेले असतील. नमुना काढल्या काढल्या संरक्षक द्रावणात किंवा बर्फात ठेवायलाच हवा. आणि नमुना म्हणजे नुसतं पाणी नव्हे. भिंतीवरचा थर खरवडून घ्यायचा. नाहीतर पाण्याचा अहवाल स्वच्छ आणि टाकी मात्र तशीच!

अजून एक फसगत. डीएनए मेलेल्या जिवाणूचाही उरतो. क्लोरीननंतर लगेच पीसीआर केला, तर मेलेलेही हजेरी लावतात. म्हणून पीएमए नावाचं रसायन आधी वापरतात. ते फुटक्या पेशींतल्या डीएनएला चिकटून त्याला पीसीआरमधून बाद करतं.

आता तुमच्या कामाचं. टिपाडात नुसती ब्लीचिंग पावडर टाकून भागत नाही. आधी ब्रशनं आतून खसाखसा घासा, ते पाणी फेकून द्या, आणि मगच क्लोरीन. थर मोडला तरच औषध आत पोचतं.

आज घरी गेल्यावर टाकीत हात घालून बघा, आणि काय लागलं ते आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.