शाळा आणि कारखाना

मुलांनो, एखाद्या यंत्रशाळेत लेथ चालताना तुम्ही पाहिला आहे काय? लेथ म्हणजे कातयंत्र. त्याच्या जबड्यात लोखंडाची कांब घट्ट धरलेली असते व ती वेगाने गरगर फिरत असते. तिच्या अंगाला धारदार हत्यार लागले, की लोखंडाचा कीस वेटोळे घेत बाहेर पडतो आणि पाहता पाहता त्या ओबडधोबड कांबेचा गुळगुळीत दांडा तयार होतो. हे काम करणाऱ्यास कातारी म्हणतात. मापात मिलिमीटरच्या काही शतांश भागांची चूक झाली, तरी पुष्कळदा तो दांडा आपल्या जागी बसत नाही.

असे कसब कोठे शिकावे? पूर्वी हा प्रश्नच नव्हता. लोहाराचा मुलगा बापाच्या भात्यापाशी बसून शिके. फाळ कसा हवा, हे सांगणारा शेतकरी दारातच उभा असे. फाळ वाकला, तर तो दुसऱ्या दिवशी परत येई आणि चार शब्द सुनावून जाई. शिकणे आणि गरज यांच्यामध्ये केवळ एक उंबरठा होता. लोहाराच्या मुलाने लोहारच व्हावे, हा त्या व्यवस्थेतला मोठा दोष. तो मात्र विसरता कामा नये.

पुढे कारखाने आले. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापसाची गिरणी काढण्याचा उद्योग आरंभिला. यंत्रे विलायतेहून आली आणि ती जाणणारी माणसेही तिकडूनच आणावी लागली. ही विद्या येथील तरुणांस मिळावी, म्हणून १८८७ साली मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. माटुंग्याची ही संस्था आज वीरमाता जिजाबाई यांचे नाव धारण करते.

परंतु शाळा निराळी आणि कारखाना निराळा झाला, की दोघांत अंतर पडू लागते. शाळेने एकदा घेतलेले यंत्र वर्षानुवर्षे चालते. कारखान्याला मात्र बाजारात टिकण्यासाठी नवे घ्यावे लागते. हे अंतर कमी करण्याचा एक मार्ग म्हणजे शिकाऊ उमेदवारी. १९६१ साली आपल्या देशात तिच्यासाठी कायदाच झाला. जोडारी, कातारी, वीजतंत्री अशा व्यवसायांतील शिकाऊ उमेदवारांना कारखान्यांनी ठरावीक प्रमाणात घ्यावे, प्रत्यक्ष कामावर शिकवावे आणि विद्यावेतनही द्यावे, अशी त्यात तरतूद आहे.

माझा एक विद्यार्थी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून कातारी होऊन असाच एका कारखान्यात गेला. संस्थेतील सारे लेथ हाताने चालवावयाचे. येथे पाहतो तो काय, काचेच्या दाराआड संगणकाच्या आज्ञेने चालणारे यंत्र! फिरवावयास चाक नाही, धरावयास मूठ नाही. समोर नुसत्या आकड्यांच्या ओळी. रविवारी तो माझ्याकडे आला व म्हणाला, "सर, माझी दोन वर्षे फुकट गेली." मी पडलो मराठीचा मास्तर, त्याला काय सांगणार? चहा दिला आणि आणखी थोडे दिवस राहून पाहा, एवढेच म्हणालो.

तीन महिन्यांनी तो पुन्हा आला. एके दिवशी यंत्र चालू असताना त्याला आवाज बदललेला जाणवला. पडद्यावरचे आकडे ठीक होते. पण हा आवाज त्याने हातलेथवर शेकडो वेळा ऐकला होता. हत्याराचे टोक झिजले असावे, असे त्याने भीत भीत सांगितले. यंत्र थांबवून पाहिले, तर खरेच तसे होते. पुढचे सारे दांडे बिघडावयाचे वाचले. त्या दिवसापासून तेथील जुना कारागीर जेवणाच्या सुटीत त्याला शेजारी बसवून आकड्यांची भाषा शिकवू लागला.

गेल्या महिन्यात संस्थेतील त्याचे निदेशक वीस मुले घेऊन तो कारखाना पाहावयास गेले होते. मुलांना यंत्र दाखविण्याचे काम त्याच्याकडेच आले. त्याने म्हणे, आधी सर्वांना डोळे मिटून नुसता आवाज ऐकावयास सांगितले.