ओंडका आणि दोर

दक्षिण दिल्लीतील रामकृष्णपुरम, म्हणजे सर्वांच्या तोंडचे आर. के. पुरम, ही केंद्र सरकारच्या सेवकवर्गासाठी वसवलेली जुनी वसाहत. नोकरीच्या निमित्ताने दिल्लीस आलेली कित्येक मराठी कुटुंबे तिच्या निरनिराळ्या सेक्टरांतून राहत आली आहेत. घरांच्या ओळींमध्ये लावलेली झाडे आता चांगली थोराड झाली आहेत. उन्हाळ्याच्या अखेरीस उत्तरेकडची धुळीची वावटळ, जिला तेथे आँधी म्हणतात, ती उठली की यांतली काही कोलमडतात. 30 मे 2022 रोजी अशीच एक आँधी आली. सफदरजंगला वाऱ्याचा वेग ताशी 100 किलोमीटरच्या घरात गेला, जामा मशिदीच्या घुमटावरील कळसही मोडला, आणि शहरभर शेकडो झाडे पडली.

पडलेले झाड फांद्या छाटून मोकळे करता येते. खरा प्रश्न उरतो तो खोडाचा. हिशेब करून पाहू. सहा मीटर लांबीच्या आणि साठ सेंटिमीटर जाडीच्या ओंडक्यात सुमारे 1.7 घनमीटर लाकूड असते. ओल्या लाकडाचे वजन पाहता तो दीड टनाच्या आसपास भरतो. दोन इमारतींमधल्या चिंचोळ्या जागेत, नळ आणि तारा सांभाळीत, क्रेन नेणे नेहमीच शक्य होत नाही. अशा वेळी रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या ट्रॅक्टरची आणि त्याच्या पाठीवर बसवलेल्या विंचची आठवण व्हावी.

आपल्याकडे ट्रॅक्टर दिसला की ओंडक्याला साखळी बांधून तो सरळ पुढे हाकण्याची घाई होते. ही रीत धोक्याची आहे. साखळी मागच्या आसापेक्षा वर कोठे बांधली असेल आणि ओंडका अडला, तर ट्रॅक्टर पुढे जाण्याऐवजी मागच्या चाकांभोवतीच फिरू पाहतो. पुढची चाके उचलली जातात आणि दीड-दोन सेकंदांत यंत्र चालकाच्या अंगावर उलटते. क्लच दाबण्याचे सुचेपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

विंचमध्ये ही गोष्ट उलटी होते. ट्रॅक्टर जागचा हलत नाही, ओंडकाच त्याच्याकडे येतो. मागील तीन-टोकी जोडणीवर एक भक्कम चौकट बसवतात. तिच्या खालचे पोलादी पाते जमिनीला टेकवले की ओढ ट्रॅक्टरच्या चाकांवर न येता बरीचशी जमिनीवर येते. इंजिनाची शक्ती पीटीओ दांड्यातून, बहुधा मिनिटास 540 फेऱ्यांच्या वेगाने, चौकटीत शिरते. दंतचक्रांनी तो वेग कमी होतो, त्या प्रमाणात जोर वाढतो, आणि पिंपावर पोलादी दोर गुंडाळला जातो. येथे एक बारकावा आहे. पिंपावर दोराचे थर चढत जातात तसतसा त्याचा व्यास वाढतो, आणि व्यास वाढला की ओढ कमी होते. म्हणून विंचवर लिहिलेला आकडा पहिल्या थराचा आहे की शेवटच्या, हे विचारून घ्यावे.

दीड टनाचा ओंडका सपाट जमिनीवरून घसरवायला त्याच्या वजनाच्या निम्मी किंवा थोडी अधिक ओढ पुरते. पण त्याचे टोक मातीत रुतले की गणित कोसळते. म्हणून पुढच्या टोकाची धार तासून गोल करतात, आणि ट्रॅक्टरजवळ आल्यावर ते टोक जमिनीपासून उचलून धरतात. ओढ कमी पडली तर ओंडक्यावर फिरती कप्पी लावावी आणि दोराचे टोक एखाद्या स्थिर आधाराला अडकवावे. ओढ जवळजवळ दुप्पट होते, वेग मात्र निम्मा. दोर वळवण्यासाठी दुसऱ्या झाडाला कप्पी बांधली असेल, तर दोर काटकोनात वळला असता त्या झाडावर दोराच्या ताणाच्या सुमारे 1.4 पट भार येतो, आणि दोर उलट फिरून परत आला तर दुप्पट. पडलेल्या झाडाचा शेजारी स्वतः अर्धा मेलेला नाही ना, हे आधी पाहिले पाहिजे.

माणसे दगावतात ती बहुधा दोरापायी. ताणलेल्या दोरात साठलेली शक्ती तो तुटल्याक्षणी सुटते आणि दोराचे टोक आसुडासारखे परतते. कप्पीवरून वळलेल्या दोराच्या आतल्या कोनात तर कोणीच उभे राहू नये. कप्पी सुटली तर दोर नेमका त्या कोनातूनच झेप घेतो. दोराच्या ताणलेल्या लांबीच्या दीडपट अंतर मोकळे ठेवावे. वसाहतीत हेच अवघड, कारण काम सुरू होताच आधी पोरे जमतात आणि मग सल्ले देणारे.

गडचिरोलीच्या जंगलात हे काम हत्ती करीत असत. कमलापूरच्या हत्तींकडून पूर्वी लाकडे ओढवून घेत. हत्तीला आपली ताकद कोठे संपते ते कळते. ओंडका अडला की तो थांबतो, कोन बदलतो. विंचला हे कळत नाही, म्हणून दोरी हातात धरणाऱ्याची नजर सतत ओंडक्याच्या टोकावर हवी.

आणखी एक गोष्ट, विशेषतः मुळासकट उपटलेल्या झाडाविषयी. खोडाच्या वजनामुळे मुळांची मातीसह उभी राहिलेली ताटली तोललेली असते. खोड कापून वेगळे केले की ती एकाएकी पुन्हा खड्ड्यात आदळू शकते. त्या खड्ड्यात सावली असते, मुले खेळायला उतरतात. म्हणून कापण्यापूर्वी खड्डा रिकामा करून घ्यावा, विंचचा दोर त्या ताटलीला बांधून ताठ धरावा, आणि करवत चालवून झाल्यावरच तो हळूहळू ढिला सोडावा.