रूपाबाईंची भूल

ऑपरेशन म्हटलं की जिवतीच्या पहाडावर हमखास विचारलं जातं, "भुलीतून माणूस उठेल ना?" चिरफाडीपेक्षा भुलीचं भय मोठं. ते अडाणीपणाचं मुळीच नाही. याच प्रश्नाचा छडा लावायला एकेकाळी हैदराबादेत आयोग बसला होता, आणि तेव्हा हा राजुऱ्याकडचा मुलूख निजामाच्याच राज्यात होता. राजुरा चंद्रपूर जिल्ह्यात आला तो 1959 साली.

1848 मध्ये इंग्लंडात हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाचं नख काढताना क्लोरोफॉर्मच्या भुलीखाली दगावली. आधी हृदय थांबतं की श्वास, यावरून डॉक्टरांत दोन तट पडले. हैदराबाद मेडिकल स्कूलचे एडवर्ड लॉरी श्वासवाले. 1888 मध्ये त्यांनी आयोग बसवून कुत्र्यांवर प्रयोग करवले. लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाला ते पटले नाहीत, तेव्हा निजामानं हजार पौंड देऊन 1889 मध्ये तिथल्या डॉ. लॉडर ब्रंटन यांना बोलावून घेतलं. पुन्हा शेकडो जनावरं, पुन्हा तोच निष्कर्ष : श्वास आधी थांबतो.

या कामात रूपाबाई फर्दुनजी होत्या. 1885 मध्ये त्याच स्कूलमध्ये दाखल झालेल्या पारशी तरुणी, जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून आज त्यांचं नाव घेतलं जातं. हैदराबादी पद्धत अशी : रोग्याला उताणं निजवायचं, गळ्याचे-छातीचे कपडे सैल करायचे, छातीवरची नजर हलू द्यायची नाही. बोटाचं टोक हळूच बुबुळाला लावायचं. पापणी मिटली नाही, की क्लोरोफॉर्म थांबवायचा. ना यंत्र, ना तारा. एका बाईचे डोळे आणि एक बोट, त्यावर समोरचा जीव. मला यापुढे हात जोडावेसे वाटतात. 1909 मध्ये रूपाबाई पुढे शिकायला एडिनबरोला गेल्या.

आयोगाचं उत्तर मात्र अपुरं ठरलं. 1911 मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवून दिलं, की क्लोरोफॉर्म अर्धवट चढलेला असताना रक्तात अ‍ॅड्रेनालिन उसळलं, तर हृदय नुसतं थरथरत राहतं, रक्त पुढे ढकलतच नाही. नाडी एकाएकी जाते. श्वासावर कितीही नजर ठेवा, तो इशारा देत नाही.

आणि अ‍ॅड्रेनालिन उसळतं ते भीतीनं. हॅनाच्या हकिगतीत एक नोंद आहे : ऑपरेशनच्या धास्तीनं ती मुलगी फार व्याकूळ झाली होती.