उद्याचे आराखडे (लेखांक ६) : घराचं वजन किती?

‘तुमच्या घराचं वजन किती?’ हा प्रश्न रिचर्ड बकमिन्स्टर फुलर (१८९५–१९८३) वास्तुरचनाकारांना विचारत असे. जहाज किंवा विमान बांधणाऱ्याला आपण काय वजनाचं बांधतो आहोत हे पक्कं ठाऊक असतं. घर बांधणाऱ्याला ते विचारावंसंही वाटत नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकी नौदलात काम केलेल्या फुलरला ही उधळपट्टी वाटे. जगातलं पोलाद, तांबं, लाकूड मोजकं आहे. मग कुठे किती लागतं याचा हिशेब कोणी ठेवायचा?

मागच्या लेखांकात आपण बाउहाउस या जर्मन रचनाशाळेपाशी थांबलो होतो. तिथे खुर्ची, दिवा, घर असा वस्तूपासून विचार सुरू होई. फुलरने दुसरं टोक धरलं. १९२२ मध्ये त्याची पहिली मुलगी चार वर्षांचीही न होता आजारपणात गेली. १९२७ मध्ये शिकागोत तो बेकार होता. मिशिगन सरोवराकाठी आपण जीव द्यायला निघालो होतो, ही त्याने पुढे सांगितलेली कथा फार प्रसिद्ध झाली. मला मात्र त्या कथेपेक्षा त्याने नंतर स्वतःला घातलेलं कोडं मोलाचं वाटतं: एकटा माणूस, पैसा नाही, सत्ता नाही, तरी सगळ्या मानवजातीच्या उपयोगाचं काय करू शकेल?

त्याचं उत्तर असं, की आधी संपूर्ण पाहा, मग भागाकडे या. सुटे भाग कितीही तपासले तरी ते एकत्र आल्यावर काय घडेल हे त्यांतून कळत नाही. क्रोम-निकेल पोलाद हे त्याचं आवडतं उदाहरण. या मिश्रधातूची ताण सोसण्याची ताकद त्यातल्या कुठल्याही एका धातूपेक्षा कितीतरी जास्त असते.

त्याच्या नावाशी जोडला गेलेला त्रिकोणी जाळीचा घुमट याच विचारातून आला. त्रिकोणाच्या बाजू न वाकवता त्याचा आकार बदलता येत नाही, आणि गोलाकार कमीत कमी पृष्ठभागात जास्तीत जास्त जागा कवेत घेतो. घुमटाचा व्यास दुप्पट केला तर पृष्ठभाग चौपट होतो, आतली जागा आठपट. १९४८ मध्ये ब्लॅक माउंटन कॉलेजात विद्यार्थ्यांबरोबर खिडक्यांच्या पडद्यांच्या धातूपट्ट्यांपासून केलेला पहिला मोठा घुमट उभाच राहिला नाही. पुढच्या वर्षी राहिला. १९५४ मध्ये पेटंट मिळालं आणि १९६७ च्या माँट्रियल प्रदर्शनात अमेरिकेचा ७६ मीटर व्यासाचा गोल उभा राहिला. १९७६ च्या आगीत त्याचं पारदर्शक आवरण जळालं; पोलादी जाळी अजून उभी आहे. त्याच्या धर्तीवर बांधलेली घुमटाकार घरं मात्र सांध्यांतून गळत, आणि सरळ कपाटं त्यांत बसत नसत. राहणाऱ्याची ही गैरसोय फुलरच्या हिशेबात पुरेशी आली नाही.

माझ्या मते त्याचं खरं काम नकाशा आणि ‘जागतिक खेळ’. १९४३ मध्ये ‘लाइफ’ मासिकाने त्याचा नकाशा छापला. त्यात खंडांचे आकार फारसे बिघडत नाहीत आणि सगळी जमीन जवळपास अखंड दिसते. साठच्या दशकात सदर्न इलिनॉय विद्यापीठात त्याने सैन्याच्या युद्धखेळांना पर्याय मांडला. जगाची संसाधनं समोर ठेवायची, आणि निसर्गाची वा कोणाचीही हानी न करता सर्वांना पुरेसं मिळेल अशा वाटपाचे मार्ग शोधायचे.

इथेच माझा त्याच्याशी मतभेद आहे. रचना सुधारली की राजकारणाची गरज उरणार नाही, असं तो मानत असे. पण त्याचा नकाशा छापून आला त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसं उपासमारीने मेली. त्या वर्षीचा धान्यपुरवठा १९४१ पेक्षा कमी नव्हता, लोकांच्या हाती ते घेण्याची ऐपत नव्हती, असं अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दाखवून दिलं. धान्य आहे की नाही हे नकाशा सांगेल. ते कोणाच्या ताब्यात आहे हा प्रश्नही ‘संपूर्ण’चाच भाग आहे. १९६९ मध्ये दिल्लीत नेहरू स्मृती व्याख्यान देताना फुलर साऱ्या पृथ्वीच्या नियोजनाबद्दल बोलला. त्याची ती भूक मला आजही हवीशी वाटते, कारण हवामानबदलाचा प्रश्न एकेका देशापुरता सुटणारा नाही. फक्त त्या हिशेबात सत्तेचा रकाना घालायला हवा.

पुढच्या आठवड्यात व्हिक्टर पापानेक. त्याच्या ‘डिझाइन फॉर द रिअल वर्ल्ड’ या १९७१ च्या पुस्तकाला प्रस्तावना फुलरचीच आहे.

(क्रमशः)