जुनी क्रीडामोटार आणि कसाऱ्याचा घाट

इंग्लंडांतील ॲबिंग्डन येथें 1945 ते 1949 या काळांत तयार झालेली एम.जी. टी.सी. ही दोन आसनांची मोटार जगभर आजहि मोठ्या हौसेनें जतन केली जाते. तिचें 1250 घनसेंटिमीटरचें इंजिन अवघ्या 54 अश्वशक्तीचें. आजच्या पुष्कळ साध्या घरगुती मोटारी याहून बलवान् आहेत. मग हिला क्रीडामोटार कां म्हणावें? हिचें वजन केवळ सुमारें 800 किलो, आणि सुकाणूस वा ब्रेकला साह्य करणारें एकहि यंत्र नाहीं. रस्ता थेट चालकाच्या हातापायांस जाणवतो.

आपल्या इगतपुरीहून कसाऱ्यास उतरतांना याचा अर्थ नीट उमगतो. दोन माणसें धरून 950 किलोंचा भार तेथें सुमारें 300 मीटर खालीं येतो. पदार्थविज्ञानाच्या नियमानें ही ऊर्जा नष्ट होत नाहीं. तिची उष्णता होते, आणि ती इतकी कीं, आठ लिटर पाणी उकळावें! ब्रेक एकसारखा दाबून धरल्यास ही सारी आंच त्याच्या डब्यांत कोंडते, आंतील अस्तराची पकड सुटूं लागते, आणि ऐन वळणावर पाय रोंवूनहि गाडी आवरत नाहीं. म्हणून जाणता चालक माथ्यावरच खालचा गिअर घालतो व उताराचें बरेंचसें ओझें इंजिनावर सोंपवितो.

चढणीची कसोटी निराळी. निरनिराळ्या गतीनें फिरणारीं दोन दंतचक्रें एकमेकांत घुसवूं गेल्यास कर्कश किरकिराट होतो. तीं आपोआप जुळविण्याची सोय या मोटारीच्या पहिल्या गिअरला नाहीं. तेव्हां क्लच दाबून गिअर मोकळा करावा, क्लच सोडून इंजिनाची गति किंचित् वाढवावी, आणि पुन्हां क्लच दाबून पहिला गिअर घालावा. हें सर्व मागील ट्रकचा भोंगा ऐकत!

2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ रूपांत राखलेल्या मोटारीस ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. मात्र ती प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणतां येते.

बाळगणें हें चालविण्याहून चिकाटीचें काम. अंगाचा सांगाडा लांकडी, म्हणून सुतार हवा. इंजिनाच्या बोल्टांचे आटे मेट्रिक मापाचे, पण डोकीं इंग्रजी व्हिटवर्थ मापाचीं! असा बोल्ट दुकानांत सहसा मिळत नाहीं. तो लेथवर कांतून घ्यावा लागतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळें अशा कारागिरांची नाशकांत वाण नाहीं.