ऐच्छिक मुखपट्टी आणि शाळा : व्हर्जिनिया राज्यातील वादाचे स्वरूप

प्रास्ताविक

२४ जानेवारी २०२२ रोजी, सोमवारी, महाराष्ट्रात ओमिक्रॉनच्या लाटेमुळे बंद ठेवलेल्या शाळा पुन्हा उघडल्या. स्थानिक प्रशासनाने जेथे अनुमती दिली तेथे पहिलीपासून बारावीपर्यंतचे वर्ग भरू लागले. मुलाला शाळेत पाठविण्यासाठी पालकाचे लेखी संमतीपत्र लागत होते. मुखपट्टी (मास्क) मात्र ऐच्छिक नव्हती. त्याच दिवशी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात नेमका उलट स्वरूपाचा आदेश अंमलात आला. शाळेत येणे हे तेथे गृहीत होते. संमतीचा प्रश्न होता तो मुखपट्टीचा. शाळेचा नियम काहीही असो, आपल्या पाल्याने ती घालू नये असे पालकाला वाटल्यास शाळेने ते मान्य करावे, असे हा आदेश सांगत होता. पुढील पाच आठवडे पालक, शिक्षक, शाळा मंडळे आणि न्यायालये या एका आदेशाभोवती फिरत राहिली.

या वादाची चर्चा बहुधा ‘स्वातंत्र्य विरुद्ध सुरक्षितता’ या ठरावीक चौकटीत केली जाते. ती चौकट चुकीची नाही, परंतु अपुरी आहे. एखादी गोष्ट ऐच्छिक ठरते तेव्हा ती नेमकी कोणाच्या इच्छेवर सोपविली जाते आणि त्या इच्छेचा भार कोणावर पडतो, हा प्रश्न तीत हरवतो. व्हर्जिनियातील घटनाक्रम या प्रश्नाच्या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

वादाची पार्श्वभूमी

अमेरिकेत शालेय शिक्षण हा मुख्यतः राज्यांचा आणि त्याखालोखाल स्थानिक शाळा मंडळांचा विषय आहे. रोगनियंत्रण व प्रतिबंध केंद्र (सीडीसी) ही केंद्रीय संस्था सल्ला देते, हुकूम देत नाही. जुलै २०२१ मध्ये डेल्टा प्रकार पसरू लागल्यावर या संस्थेने शाळांमध्ये सर्वांनीच, लस घेतलेली असो वा नसो, मुखपट्टी वापरावी असा सल्ला दिला. दोन वर्षांवरील सर्व मुलांचा त्यात समावेश होता. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी ऑगस्ट २०२० मध्ये मात्र पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मुखपट्टीची आवश्यकता नाही, सहा ते अकरा या वयोगटाबाबत परिस्थिती पाहून ठरवावे आणि बारा वर्षांपासून पुढे प्रौढांप्रमाणे नियम असावा, अशी भूमिका घेतली होती. भारताच्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जानेवारी २०२२ मध्ये काढलेल्या सूचनाही साधारणतः याच धर्तीच्या होत्या. तज्ज्ञ संस्थांमध्येच वयोमर्यादेबाबत एवढे अंतर असताना पालकांमध्ये एकमत व्हावे, ही अपेक्षा भाबडीच म्हणावी लागेल.

याच्या जोडीला राजकारण होते. व्हर्जिनियात, विशेषतः राजधानी वॉशिंग्टनलगतच्या लाउडन व फेअरफॅक्स या काउंट्यांत, शाळा मंडळांच्या सभा २०२१ च्या वर्षभर गाजत राहिल्या. शाळा दीर्घकाळ दूरस्थ पद्धतीने चालल्याचा रोष पालकांच्या मनात साचलेला होता. देशभर अशा सभांतील वातावरण इतके तापले की सप्टेंबर २०२१ मध्ये शाळा मंडळांच्या राष्ट्रीय संघटनेने राष्ट्राध्यक्ष बायडन यांना पत्र लिहून संरक्षण मागितले. त्या पत्रातील भाषा पालकांना गुन्हेगार ठरविणारी आहे, अशी टीका झाल्यावर पुढच्याच महिन्यात संघटनेने त्याबद्दल क्षमा मागितली. नोव्हेंबर २०२१ च्या निवडणुकीत ‘शाळेत पालकांचा शब्द चालला पाहिजे’ हा मुद्दा पुढे करून ग्लेन यंगकिन हे रिपब्लिकन उमेदवार व्हर्जिनियाच्या गव्हर्नरपदी निवडून आले. १५ जानेवारी २०२२ रोजी शपथ घेतली त्याच दिवशी त्यांनी जे कार्यकारी आदेश काढले, त्यांतील दुसरा आदेश मुखपट्टीचा होता.

तीन नियम, तीन अधिकारी

या आदेशाचा आधार म्हणून व्हर्जिनियाच्या विधिसंहितेतील एका कलमाकडे बोट दाखविण्यात आले. पाल्याचे संगोपन, शिक्षण व देखभाल यांविषयी निर्णय घेण्याचा पालकाला मूलभूत अधिकार आहे, असे ते कलम सांगते. विरोधकांचे आधारही कमी भक्कम नव्हते. राज्यघटनेच्या आठव्या अनुच्छेदातील सातव्या कलमानुसार शाळांची देखरेख स्थानिक शाळा मंडळाकडे सोपविलेली आहे. शिवाय २०२१ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने, शाळा प्रत्यक्ष भरविताना सीडीसीने सुचविलेले उपाय शक्य तितक्या प्रमाणात अंमलात आणावेत, असा कायदा केला होता. म्हणजे पालक, मंडळ आणि गव्हर्नर या तिघांपाशीही दाखवायला एकेक कागद होता.

फेअरफॅक्स, आर्लिंग्टन, अलेक्झांड्रिया, रिचमंड, प्रिन्स विल्यम, हॅम्प्टन व फॉल्स चर्च या सात मंडळांनी आदेशाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. ४ फेब्रुवारी रोजी आर्लिंग्टनच्या सर्किट न्यायालयाने त्यांच्या बाजूने तात्पुरता मनाई हुकूम दिला. मुखपट्टी उपयुक्त आहे की नाही, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हता. विधिमंडळाने मंडळांकडे सोपविलेला निर्णय गव्हर्नर केवळ आदेशाने रद्द करू शकतो का, एवढाच मुद्दा होता. दुसऱ्या बाजूने, चेसापीक येथील पालकांनी आदेशालाच दिलेले आव्हान राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी रोजी प्रक्रियेच्या कारणावरून फेटाळले. एका राज्यात काही मंडळांत सक्ती, काही मंडळांत ऐच्छिकता आणि बाकीच्यांत संभ्रम, अशी स्थिती निर्माण झाली. लाउडन काउंटीत मुखपट्टी नाकारणाऱ्या काही विद्यार्थ्यांना आधी वर्गाबाहेर वेगळे बसविण्यात आले आणि नंतर तात्पुरते निलंबितही करण्यात आले. मुलांचे शिक्षण खंडित होऊ नये म्हणून लढणाऱ्या दोन्ही पक्षांच्या लढ्यात मुले वर्गाबाहेर बसली, हे येथे नमूद केले पाहिजे.

मुखपट्टी नेमकी कोणाचे रक्षण करते?

या वादातील नैतिक युक्तिवाद शेवटी एका तांत्रिक बाबीवर येऊन ठेपतो. मुखपट्टीचे कार्य दुहेरी आहे. ती परिधान करणाऱ्याच्या श्वासातून बाहेर पडणारे विषाणूयुक्त कण अडविते. हे झाले उगमाशी नियंत्रण. तसेच बाहेरील कण त्याच्या श्वासात जाण्यापासून काही अंशी रोखते. हे झाले स्वसंरक्षण. साध्या कापडी मुखपट्टीत दुसरे कार्य फार दुबळे असते. एन-९५ प्रकारची मुखपट्टी सुमारे ०.३ मायक्रॉन आकाराचे किमान ९५ टक्के कण गाळते, परंतु ती चेहऱ्याला घट्ट बसली तरच. अमेरिकेत या प्रकारचे प्रमाणीकरण कामाच्या ठिकाणच्या प्रौढांसाठी केले जाते, बालकांसाठी नाही.

मुखपट्टी प्रामुख्याने घालणाऱ्याचेच रक्षण करीत असेल, तर ‘ज्याला हवी त्याने घालावी’ हे तत्त्व पूर्णतः न्याय्य ठरते. ती प्रामुख्याने इतरांचे रक्षण करीत असेल, तर एका घराची इच्छा ही शेजारच्या बाकावरील मुलाची जोखीम बनते आणि ऐच्छिक हा शब्दच डळमळीत होतो. प्रत्यक्षात सत्य या दोहोंच्या मध्ये, आणि मुखपट्टीच्या प्रकारानुसार सरकणारे आहे. डिसेंबर २०२१ नंतर ओमिक्रॉनपुढे कापडी मुखपट्टीचा उपयोग कमी होत गेला आणि पाच ते अकरा वयोगटाला नोव्हेंबर २०२१ पासून लसही मिळू लागली होती. सक्तीच्या विरोधकांचा युक्तिवाद त्या काळात आधीपेक्षा बळकट झाला, हे मान्य करावे लागते. त्याच वेळी, शिक्षकाला चांगल्या प्रतीची मुखपट्टी मिळत असली तरी पहिलीतील मुलाला ती नीट बसत नव्हती, ही अडचण कोणत्याही युक्तिवादाने दूर होणारी नव्हती.

संशोधनानेही निर्णायक उत्तर दिले नाही. बोस्टन परिसरातील ७२ शाळा-जिल्ह्यांचा अभ्यास नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. फेब्रुवारी २०२२ अखेर मॅसॅच्युसेट्स राज्याने सक्ती उठविल्यानंतर, ज्या जिल्ह्यांनी ती मागे घेतली तेथे पंधरा आठवड्यांत दर हजार विद्यार्थी-कर्मचाऱ्यांमागे सुमारे ४५ अधिक रुग्ण आढळले. नियम कायम ठेवणारे जिल्हे दोनच होते, बोस्टन व चेल्सी. त्यामुळे या तुलनेवर आक्षेप घेतले गेले. स्पेनमधील कॅटालोनियात सहा वर्षांपासून पुढे सक्ती होती, त्याखालील मुलांना नव्हती. तेथे जवळजवळ सहा लाख मुलांच्या नोंदी पडताळता पाच वर्षांच्या व सहा वर्षांच्या मुलांतील संसर्गाच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. बांगलादेशातील ६०० गावांत झालेला प्रयोग पद्धतीच्या दृष्टीने अधिक काटेकोर होता आणि त्यात शस्त्रक्रियेच्या वेळी वापरतात तशा मुखपट्टीचा माफक पण स्पष्ट लाभ आढळला. परंतु तो प्रौढांपुरता होता, शाळेपुरता नव्हता. शाळेच्या सभेत उभा राहणारा पालक यांपैकी आपल्याला सोयीचा अभ्यास निवडू शकत होता, आणि तसे घडलेही.

शिक्षकाचे स्थान

या सर्व गदारोळात शिक्षकाची इच्छा कोणत्याही कागदावर नव्हती. आदेशाचा विषय पालक व विद्यार्थी एवढाच होता. वर्गातील हवा मात्र शिक्षकही तेवढीच घेत होता, आणि दिवसाचे सहा-सात तास घेत होता. घरी वृद्ध आईवडील असलेल्या किंवा कर्करोगावर उपचार घेत असलेल्या शिक्षकापुढे स्वतः उत्तम मुखपट्टी घालणे किंवा नोकरी सोडणे एवढेच पर्याय उरत होते. व्हर्जिनियात सरकारी कर्मचाऱ्यांच्या संपाला कायद्याने बंदी आहे, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे.

सर्व शिक्षक सक्तीच्या बाजूचे होते असे समजणे मात्र चूक ठरेल. अक्षरांचे उच्चार शिकविणाऱ्या शिक्षिकेला मुलांचे ओठ दिसावे लागतात व मुलांना तिचे. कर्णबधिर विद्यार्थ्याची अडचण तर उघड आहे. पारदर्शक मुखपट्ट्या हा त्यावरचा अर्धा उपाय. शिवाय सक्तीच्या काळात दिवसातून वीस वेळा ‘नाकावर घे’ असे बजावण्याचे काम शिक्षकाचेच होते, आणि त्यात अध्यापनाचा वेळ जात होता.

नियम ऐच्छिक झाल्याने हे काम संपले नाही. त्याचे स्वरूप बदलले. पंचवीस मुलांच्या वर्गात कोणाच्या पालकाने काय कळविले आहे, हे आता शिक्षकाने लक्षात ठेवायचे होते. ज्या मुलाच्या आईवडिलांनी ‘घालूनच बसव’ असे सांगितले आहे, तो मित्रांकडे पाहून ती खिशात ठेवतो तेव्हा काय करायचे? टोकावे तर इतर मुलांसमोर त्याला वेगळे पाडल्यासारखे होते; न टोकावे तर पालकाचा विश्वास मोडतो. सक्तीच्या नियमात शिक्षक ‘शाळेचा नियम आहे’ असे म्हणून बाजूला होऊ शकत होता. ऐच्छिकतेत त्याच्यापाशी तेवढाही आडोसा उरला नाही. याच महिन्यात पालकांनी शाळांविषयीच्या तक्रारी थेट पाठवाव्यात म्हणून गव्हर्नरांनी एक ई-मेल पत्ता जाहीर केला होता, त्यामुळे प्रत्येक शब्द तोलून बोलण्याची वेळ अनेक शिक्षकांवर आली.

कायदा आणि त्यानंतर

न्यायालयाने मनाई दिल्यानंतर वाद विधिमंडळात गेला. आदेशाला नसलेले बळ कायद्याने द्यावे, या हेतूने सिनेटमधील विधेयक ७३९ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचेच सदस्य चॅप पीटर्सन यांनी दुरुस्ती मांडली आणि त्या पक्षाच्या काही मतांसह ते संमत झाले. १६ फेब्रुवारी रोजी गव्हर्नरांनी त्यावर स्वाक्षरी केली आणि १ मार्चपर्यंत शाळांनी अंमलबजावणी करावी असे ठरले. पालकाने मुखपट्टी न घालण्याचा निर्णय घेतल्यास त्याला कारण विचारले जाणार नाही, वैद्यकीय दाखला मागितला जाणार नाही आणि विद्यार्थ्यावर शिस्तभंगाची वा शैक्षणिक कारवाई होणार नाही, अशी या कायद्याची तरतूद आहे. तिचे शब्द एकेरी आहेत. न घालण्याच्या इच्छेला त्यांत संरक्षण आहे. घालण्याची इच्छा बाळगणाऱ्या पालकासाठी शाळेने काय करावे, याविषयी तरतूद मौन पाळते. २५ फेब्रुवारीला सीडीसीनेही आपला सल्ला शिथिल केला व केवळ अधिक धोक्याच्या भागांत शाळांत मुखपट्टी सुचविली. महिनाभरानंतर, २ एप्रिल २०२२ पासून, गुढीपाडव्याच्या दिवशी महाराष्ट्रातही ती ऐच्छिक झाली. येथे तो निर्णय सर्वांनाच एकदम लागू झाल्याने शाळा हे वेगळे रणांगण बनले नाही.

व्हर्जिनियात मात्र एक प्रश्न शिल्लक राहिला. कर्करोग, सिस्टिक फायब्रोसिस, दमा यांसारख्या व्याधींमुळे ज्यांना संसर्गाचा विशेष धोका होता, अशा बारा विद्यार्थ्यांच्या पालकांनी संघराज्याच्या न्यायालयात दाद मागितली. त्यांचा आधार १९७३ चा पुनर्वसन कायदा व १९९० चा अपंगांविषयीचा कायदा हा होता. या कायद्यांनुसार अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यासाठी शाळेने वाजवी सोय करणे बंधनकारक आहे. उताराच्या मार्गाची मागणी जशी सोय ठरते, तशीच सहाध्यायांच्या मुखपट्टीची मागणी ठरू शकते काय, असा हा प्रश्न होता. २३ मार्च २०२२ रोजी न्यायाधीश नॉर्मन मून यांनी दिलेला निर्णय मर्यादित होता. त्यांनी राज्याचा कायदा रद्द केला नाही. या बारा मुलांच्या शाळांना आवश्यक तेथे मुखपट्टीची अट घालण्यास त्या कायद्याची आडकाठी राहणार नाही, एवढेच सांगितले.

डिसेंबर २०२२ मध्ये या खटल्यात तडजोड झाली. त्या मुलांच्या शाळांनी, शक्य तेथे आसपासच्या काही विद्यार्थ्यांनी मुखपट्टी घालावी या सोयीचा विचार करावा, असे ठरले. संपूर्ण राज्याच्या राजकारणापासून सुरू झालेला वाद अशा रीतीने अखेरीस वर्गातील एका बाकापाशी आला : आजारी मुलाच्या शेजारी कोणाला बसवायचे, हे ठरविण्याचे काम पुन्हा वर्गशिक्षकाकडेच आले.